मूळ बाटली

१२ नोव्हेंबर

प्रिय सुई,

सर्वप्रथम माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. या घरात चहाला चहाची चव नाही. मी इथे आल्यापासून जो कप तोंडाला लावला, तो दात घासल्यासारखा लागला. साखरेला पेपरमिंटचा वास, टॉवेलला पेपरमिंटचा वास. काल उशीवर डोकं टेकलं तर वाटलं, आपण टूथपेस्टच्या नळीत झोपलोय आणि सकाळी कुणीतरी मागून दाबून बाहेर काढणार. वर्तमानपत्रात दर आठवड्याला मी भल्याभल्यांची सालटी काढते, त्यांच्यातल्या एकालाही माझं काही वाकडं करता आलं नाही. या घराने पहिल्या कपातच हिशेब चुकता केला. कपाटात कॉफी सापडली. तिचंही तेच.

तक्रार तुझ्याकडे करते, कारण जिथे करायची तिथून उत्तर येत नाही.

बाबांना अर्धांगाचा झटका आला. पेपरमिंटचं तेल काढायच्या भट्टीजवळच पडले. उजवा हात गेला, वाचाही गेल्यातच जमा. तीन शब्द उरलेत: ‘पाणी’, ‘नको’ आणि एक शिवी. शिवी सगळ्यात स्पष्ट येते, नर्सबाई तिला सुधारणेचं लक्षण म्हणतात. डॉक्टर म्हणाले, ‘जपा.’ डॉक्टर ‘जपा’ म्हणाले की समजावं, त्यांच्या पेटीत आता काही शिल्लक नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र न वाचता फाडायचं म्हटलं तरी एकदा हातात घ्यावं लागतं.

मला जुनं उगाळायचं नाही. तरी उगाळते, कारण या घरात बसल्या बसल्या दुसरं काही करता येत नाही. मधल्या खोलीतल्या कपाटात ती अजून उभी आहे, आपली तिसरी बहीण. तपकिरी काच, रुंद बूच, अंगावर चिठ्ठी नाही. ‘मूळ बाटलीला ओळख कशाला लागते?’ हे बाबांचं ठरलेलं. आपल्या दोघींना ताप आला की आई उठायची, बाटलीवर ऊन आलं की बाबा उठायचे. दर हंगामात भट्टीतून आलेलं नवं तेल कागदाच्या पट्टीवर घ्यायचं, बाटलीतलं दुसऱ्या पट्टीवर, आणि दोन्ही आळीपाळीने नाकाशी. जुळलं तर पास. ‘नाक विसरतं, बाटली विसरत नाही.’ स्वतःच्या नाकापेक्षा बाटलीवर जास्त विश्वास ठेवायचा, हा या धंद्यातला एकमेव नियम आणि घरातलाही.

मग आई गेली. पुढच्या हंगामात तू एकटीने भट्टी सांभाळलीस, तेल काढलंस, आणि ते बाटलीशी जुळलं नाही. बाबा सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, ‘भेसळ.’ तू म्हणालीस, ‘बाटली बिघडली असेल.’ ते म्हणाले, ‘बाटली बिघडत नाही. माणसं बिघडतात.’

मी तेव्हा शहरात होते. दोघांचं फोनवर ऐकलं आणि दोघांनाही ‘जाऊ दे गं’, ‘जाऊ द्या हो’ म्हटलं. तू खरोखरच गेलीस. मुलांना रसायनशास्त्र शिकवायला लागलीस. त्यानंतर बाबांनी स्वतः इकडचं तेल तिकडे मिसळून बाटलीशी जुळवून दाखवलं. जुळायचं, पण गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली. आता एकच टूथपेस्टवाले उरलेत. त्यांनी कळवलंय, या वर्षीचा नमुना पाठवा, पसंत पडला तर बघू.

तो मी पाठवणार आहे. हसून घे.

एकदा येऊन जा. मला त्यांच्या तीन शब्दांत संसार करायला जमत नाही.

आणि हो, माझ्या लक्षात आहे. माझ्या वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी बाटल्या धुवायचा माझा वार होता, आणि सगळ्या तू एकटीने धुतल्यास. तेव्हापासून प्रत्येक भांडणाच्या शेवटी तुझं एकच: ‘आधी माझं एक धुणं फेड, मग बोल.’ स्पर्धेत मी तिसरी आले होते. तीन जणींत.

तुझी,
ताई

२१ नोव्हेंबर

सुई,

तुझं उत्तर आलं नाही. तरी बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

टूथपेस्टवाल्यांनी आपला नमुना नापास केला. कागद आला: ‘तेलात आयसोमेंथोनचं प्रमाण फार जास्त. तेलाचा क्षाराशी संपर्क आला असावा. स्वीकारता येत नाही.’ मी म्हटलं, झालं. बाबांच्या आजोबांनी सुरू केलेला कारखाना पणतीने एका कुपीत बुडवला. मनातल्या मनात मृत्युलेखाची पहिली दोन वाक्यं तयार केली. बरी जमली होती.

मग टेबलाकडे नजर गेली. यंदाच्या तेलाची कुपी, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट, तिथेच उभी होती.

म्हणजे मी पाठवली होती ती दुसरी. जुळवून बघावं म्हणून मूळ बाटलीतून जी कुपी भरून घेतली होती, तीच मी ऐटीत पाकिटात घालून रवाना केली होती. वर ‘यंदाचे तेल’ असंही लिहिलं होतं. ज्या बाटलीने चाळीस वर्षं दुसऱ्यांना पास-नापास केलं, ती पहिल्यांदाच परीक्षेला बसली आणि आपटली.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत फोन लावला. तिथली बाई तरुण असावी, आवाजात घाई होती. मी मूर्खासारखे प्रश्न विचारले. मूर्खासारखे प्रश्न विचारायचा मला पगार मिळतो, पण या वेळी सोंग नव्हतं. तिने सांगितलं ते तुला पाठ असणार. मला मात्र आत्ताच कळलंय, म्हणून मी सांगणार आणि तू ऐकून घेणार. थोरली असण्याचा एवढाच फायदा उरलाय.

ती म्हणाली, पेपरमिंटच्या कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतो, पान जून होत जातं तसं त्याचं मेंथॉल होतं. मेंथॉल म्हणजे ते गार लागणारं, ज्याच्या गोठून सुया होतात. (बाबांनी तुझं नाव त्यावरूनच ठेवलं. मला वाटायचं, टोचतेस म्हणून.) जो मेंथोन तेलात उरतो, त्याच्या रेणूत कार्बनचं एक कडं असतं. कड्याला एका जागी ऑक्सिजन जोडलेला, आणि त्याच्या शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन जरा सैल. क्षाराचा स्पर्श झाला की तो सुटतो. पुन्हा हायड्रोजन येऊन बसतो, पण कधी कधी दुसऱ्या बाजूने. झालं, मेंथोनचा आयसोमेंथोन. अणू तेवढेच, वजन तेवढंच, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. एकाची फक्त बाजू बदलली. तेवढ्यानेही मेंथोन प्रकाश डावीकडे वळवायचा तो हा उजवीकडे वळवतो, आणि वासातली ती स्वच्छ धार जाते, जरा कोंदट होतो.

मी विचारलं, ‘उलटं फिरत नाही का?’

‘फिरतं की. जा-ये दोन्हीकडून चालूच असते. मग एका ठिकाणी तोल साधतो आणि तिथेच राहतं. पहिल्यासारखं मात्र होत नाही.’

मग तिने विचारलं, ‘बाटल्या कशाने धुता?’

‘धुण्याच्या सोड्याने. मग गरम पाण्याने.’

‘किती वेळा?’

‘आई काच कुरकुरेपर्यंत धुवायची. अंगठा फिरवायची. अंगठा घसरला की पुन्हा पाणी. काचेने चीं केलं की सोडा गेला.’

‘मग क्षार उरायचा प्रश्नच नाही. अजूनही त्याच धुतात ना?’

सुई, मूळ तेल दरवर्षी नव्याने धुतलेल्या बाटलीत बदलायचं, कारण जुनीच्या तोंडाशी चिकटा धरतो. दरवर्षी ती बाटली आई धुवायची. आई गेली त्या वर्षी तू भट्टीवर होतीस, मी शहरात. बाटली कुणी धुतली असेल? बाबांच्या त्या घट्टे पडलेल्या अंगठ्याला काच घसरतेय की कुरकुरतेय हे काय कळलं असेल? आणि त्यांना हे कुणी सांगितलं तरी होतं का? कुरकुरण्याचं आईने आपल्याला सांगितलं होतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

बाटली बिघडली होती. तू म्हणाली होतीस तशी.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू ये. हे तू सांगायचं आहेस, मी नाही.

ताई

२ डिसेंबर

सुई,

तू आली नाहीस, म्हणून मला करावं लागलं.

मागच्या खोलीत नापास मालाचे कॅन आहेत. बाबांनी एकही फेकला नाही, प्रत्येकावर लाल खडूची फुली. तुझ्या त्या हंगामाचा कॅन सापडला. काठोकाठ भरलेला, झाकण लाखेने बंद. तू बंद केला असणार, दुसऱ्या कुणाला इतकं नीट सुचलं नसतं. त्यातली एक कुपी प्रयोगशाळेत पाठवली. परवा त्या बाईचा स्वतःहून फोन आला. ‘हे कुणी काढलंय? असं तेल हल्ली बघायला मिळत नाही.’ मी म्हटलं, ‘धाकट्या बहिणीने.’ म्हणताना माझी मान अशी काही ताठ झाली, जणू भट्टीला लाकडं मीच घातली होती.

मग मी दोन पट्ट्या घेऊन बाबांच्या खोलीत गेले. डोकं उशीवर उंच केलं. आधी मूळ बाटलीतली पट्टी नाकाशी धरली. डोळे मिटून त्यांनी मान हलवली. हीच, असं. मग तुझी धरली.

त्यांनी डोळे उघडले. मी सगळं सांगितलं: बाटली, सोडा, आईचा अंगठा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘सुईला सांग, माझं चुकलं. तिचं तेल खरं होतं.’

हे जसंच्या तसं लिहिलंय. आता ये.

ताई

९ डिसेंबर

सुई,

तुझं कार्ड काल आलं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, सगळी अक्षरं थंडीत एकमेकांना चिकटून बसल्यासारखी. तू लिहिलंयस:

‘ताई, रविवारी येते. बाबांना म्हणावं, ते वाक्य जपून ठेवा. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. बाकी काही नको.’

मी ते बाबांना वाचून दाखवलं. ‘रविवारी येते’ एवढंच. पुढचं वाचलं नाही. त्यांनी डावा हात उचलला आणि गालावरून फिरवला. नर्सबाईंना वाटलं खाज सुटलीय, खाजवायला गेल्या तर स्पष्ट शिवी खाल्ली. दाढी करायची होती. रविवारसाठी.

तेव्हापासून मी तुझं कार्ड घेऊन बसलेय. 

सुई, ते वाक्य त्यांचं नाही. माझं आहे.

आयुष्यभर मी लोकांच्या तोंडी वाक्यं घालून पोट भरलं. मोठी माणसं जे बोलायला हवं ते बोलत नाहीत, म्हणून मी त्यांच्या वतीने बोलते, वाचणारे हसतात, आणि ते खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, वाक्य वाचून तू येशील, आणि एकदा आलीस की वाक्याची गरज उरणार नाही. तू त्या वाक्यासाठीच येणार आहेस, हे मला सुचलंच नाही. तीन शब्दांचा माणूस एवढं लांब कसा बोलला, असं तुला वाटायला हवं होतं. तू नेहमी माझ्यापेक्षा हुशार होतीस. बहुतेक तुला विचारायचंच नव्हतं.

खरं झालं ते असं. मूळ बाटलीच्या पट्टीला त्यांनी मान हलवली, ते खरं. तुझी पट्टी धरली तेव्हा डोळे उघडले, तेही खरं. मग तोंड बरंच वाकडं करून म्हणाले, ‘कुणाचं?’ झटक्यानंतरचा पहिला नवा शब्द. नर्सबाईंनी टाळी वाजवली.

मी म्हटलं, ‘सुईचं.’

मग सोड्याचं सांगितलं, आईच्या अंगठ्याचं सांगितलं. ते छताकडे बघत होते. शेवटी म्हणाले, ‘नको.’

एवढंच. नको. मी त्या शब्दाला सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. पुढे सांगू नको? तेल नको? तिला कळवू नको? तिने जायला नको होतं? त्यांच्याकडे शब्दच तीन-चार, माणूस त्यातला कुठला कशासाठी वापरेल याचा काय भरवसा. मला अर्थ लागत नाही, आणि लावूनही देणार नाही. लावायला बसले की पुन्हा माझंच वाक्य होईल.

मी मूळ बाटलीची पट्टी उचलली, मग तुझी उचलायला गेले. ती त्यांनी डाव्या मुठीत धरून ठेवली होती. झोपेतही सोडली नाही. नर्सबाई म्हणाल्या, ‘घाण कागद, टाकून देऊ का?’ पुढे काय ऐकायला मिळालं ते तुला सांगायला नको. वास उडून जातो ना, म्हणून मी रोज सकाळी ती पट्टी तुझ्या तेलात पुन्हा बुडवून त्यांच्या हातात देते. ते नाकाशी नेतात, मग छातीवर ठेवतात. हे मी पाहिलंय. याच्यापलीकडचं मला काही माहीत नाही.

हे पत्र जलद टपालाने टाकतेय, म्हणजे निघण्याआधी तुझ्या हातात पडेल. टाकलं नसतं तर तू आली असतीस. पलंगाजवळ उभी राहिली असतीस, त्या वाक्याची वाट बघत. ते अर्ध्या तोंडाने तुझ्याकडे बघत राहिले असते. आणि मग तू दुसऱ्यांदा निघून गेली असतीस. ते मला बघवलं नसतं.

ये. पण त्या वाक्यासाठी येऊ नकोस. ते इथे नाही. इथे एक म्हातारा आहे, आणि त्याच्या मुठीत कागदाचा एक तुकडा आहे. तेवढ्यासाठी यावंसं वाटलं तर ये.

ताई

२७ डिसेंबर

सुई,

तार मिळाली असेल. बाबा गेले. मंगळवारी सकाळी, शांतपणे. हे ‘शांतपणे’ मी घातलेलं नाही, नर्सबाईंनाही विचार.

रविवारबद्दल मी लिहिणार नाही. तू विचारलंस तर सांगेन, आणि जसं झालं तसंच सांगेन.

तू का आली नाहीस, हे मी विचारत नाही. कदाचित पत्र वाचून आली नाहीस. कदाचित पत्र उशिरा पोचलं आणि तू आधीच ठरवलं होतंस. कदाचित गाडी चुकली. मला हवं ते कारण मी निवडू शकते, आणि निवडायला बसले की ते मला हवं तसंच निघतं, म्हणून निवडत नाही.

शेवटची आंघोळ घालताना मूठ उघडावी लागली. पट्टी काढून घेतली नाही, तशीच त्यांच्याबरोबर जाऊ दिली. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा बुडवली होती. मला वास आला. इतके दिवस या घरात मला सगळ्याचाच तो वास येत होता, म्हणून वेगळा असा कधी आलाच नाही. तो वेगळा आला. धारदार, स्वच्छ.

त्या प्रयोगशाळेतल्या बाईने विचारलंय की कारखाना पुढे चालणार का, आणि चालला तर नवं तेल कशाशी जुळवणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे.

काल सकाळी मूळ बाटली कपाटातून काढली. तिच्यातलं तेल दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवलं, फेकलं नाही. त्यांनी ते सांभाळलं होतं. मग ती बाटली घेऊन मागच्या नळावर गेले. गरम पाणी, सोडा, ब्रश. मग नुसतं गरम पाणी. अंगठा घसरला. पुन्हा पाणी. घसरला. पुन्हा. गेली कित्येक वर्षं माझे हात फक्त पेन धरतात, पाण्याने बोटं सुरकुतली तरी अंगठा घसरतच होता. मला वाटलं, माझ्या हातूनही राहून जाणार. बाजूला तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘ताई, भाषण कमी कर आणि हात चालव.’ मी भाषण केलं नाही. हात चालवला.

मग काच कुरकुरली.

उन्हात पालथी घालून वाळवली. आज तुझ्या कॅनमधल्या तेलाने बाटली काठोकाठ भरली. बूच घट्ट बसवलं, कपाटात तिच्या जागी ठेवली. चिठ्ठी लावली नाही.

तुझं एक धुणं फिटलं.

ताई